बँडकडचा माणूस

शेवटची कर्जत लोकल पकडणाऱ्याने शेवटचं गाणं ऐकायचं नाही, असा नियम कुणीतरी माझ्या पत्रिकेत लिहून ठेवलाय. गेली तीसेक वर्षं मी मुंबईला जाऊन नवेनवे बँड ऐकतो आहे. या तीस वर्षांत एकाही बँडचं शेवटचं गाणं माझ्या कानावर धड पडलेलं नाही. बँडवाले आपलं सगळ्यांत दमदार गाणं शेवटाला राखून ठेवतात आणि रेल्वेवाले शेवटची गाडी. दोन्हींची सुटायची वेळ एकच.

गिटारवाला माइकपाशी येऊन "आता शेवटचं" म्हणाला की अख्खा हॉल पुढे सरकतो. मी एकटा मागे. लोकांच्या कोपरांतून, बॅगांच्या पट्ट्यांतून वाट काढत, "सॉरी, कर्जत... सॉरी, कर्जत" असं पुटपुटत दाराकडे. मुंबईत 'कर्जत' एवढं म्हटलं तरी पुरतं. माणसं पटकन बाजूला होतात आणि घरी कुणीतरी सिरियस असल्यासारखं माझ्याकडे बघतात. मी फुटपाथवर पोहोचेपर्यंत आत ड्रम सुरू झालेले असतात. भिंतीतून येणारं धप-धप-धप एवढीच माझी त्या गाण्याशी ओळख. अशी निदान दोनशे गाणी मला भिंतीतून पाठ आहेत.

सीएसएमटीपासून कर्जत शंभर किलोमीटर, दोन तासांच्या वर प्रवास. रात्री बाराच्या पुढेमागे निघालेला माणूस पोहोचतो तेव्हा घरातले लोक झोपेच्या दुसऱ्या टप्प्यात असतात आणि दूधवाला पहिल्या. त्यातल्या त्यात एक बरं. बदलापूरचा माणूस डुलकी लागली तर वांगणीला जागा होतो. आमच्यापुढे घाटच, त्यामुळे झोपलं तरी जाणार कुठे? या भरवशावर मी वर्षानुवर्षं निर्धास्त झोपत आलो. एकदाच घाईत खोपोलीची गाडी पकडली गेली आणि कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी पाचही स्टेशनं झोपेत पार करून मी थेट खोपोलीच्या बाकावर जागा झालो. पंधरा किलोमीटर मागे यायला सकाळ उजाडावी लागली. घरी आलो तर बायकोने दार उघडून एवढंच विचारलं, "कोणता बँड होता?"

मी नाव सांगितलं.

"कधी ऐकलं नाही."

"तेच तर," मी म्हणालो, आणि मला फार बरं वाटलं.

इथेच माझ्या दुखण्याचं मूळ आहे. मला बँड आवडतात ते कुणी ऐकलेले नसेपर्यंत. ज्याला एकूण अकरा ऐकणारे आहेत असा बँड सापडला की माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं. पुढे त्याचे अकरा हजार झाले की ते उतरतं. ऑफिसातला कुणी पोरगा डब्याच्या वेळी म्हणाला, "सर, हे ऐका, भारी आहे," आणि ते माझ्याच बँडचं निघालं, तर शेतात दुसऱ्याची गुरं शिरल्यासारखं होतं. "हे होय? यांचं पहिलंवहिलं बरं होतं," असं मी म्हणतो. पहिलंवहिलं मी करी रोडच्या पुलापर्यंत धावता धावता ऐकलेलं असतं, ही गोष्ट वेगळी. म्हणूनच या लेखात मी कुठल्याही नव्या बँडचं नाव देणार नाही. दिलं तर तुम्ही ऐकाल.

जुन्यांची द्यायला हरकत नाही. माझी सुरुवात झाली धोबीतलावच्या रंगभवनात. झेवियर्स कॉलेजात १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळा पुढे तिथे भरायचा. उघडं नाट्यगृह, काळे टी-शर्ट, घामाचा वास, आणि मंचावर इंग्रजी गाणी गाणारी आपलीच पोरं. माझ्या दृष्टीने त्या जागेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे व्हीटी स्टेशन तिथून चालत दहा मिनिटांवर. त्या काळात शेवटच्या गाण्याचं एखादं कडवं तरी पदरात पडायचं. पण आजूबाजूला हॉस्पिटलं, कॉलेजं. शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनातलं वाजवणं थांबलं. मग २००७ साली लोअर परळच्या गिरणीच्या आवारात 'ब्लू फ्रॉग' निघालं. जागा उत्तम, पण लोअर परळ पडलं पश्चिम रेल्वेवर. आम्हाला करी रोडपर्यंत चालत यायचं आणि तिथून धिमी गाडी धरून दादरला कर्जतची पकडायची. म्हणजे शेवटची तीन गाणी गेली. २०१६ मध्ये ते बंद झालं तेव्हा माझे मित्र हळहळले. मी मनातल्या मनात गाड्यांचा हिशेब केला आणि गप्प बसलो.

पुण्यालाही जाऊन पाहिलं. २०१० मध्ये तिथे 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झाला. पुणं कर्जतहून सोपं. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लागतात, तेवढ्या वेळात फलाटावर वडा खाऊन होतो. पण तिथे एका मैदानात चार-पाच मंच आणि सगळीकडे एकदम वाजवणं चालू. दिवसभर मी या मंचावरून त्या मंचाकडे पळत राहिलो. जिथे पोहोचावं तिथे टाळ्या चालू आणि मागच्या मंचावर नवीन गाणं सुरू. त्या दिवशी मी एकूण एकवीस टाळ्या ऐकल्या.

आणि कोल्डप्ले? हा प्रश्न मला २०२५ च्या जानेवारीत शेजारच्या काकांनी विचारला. नेरूळच्या स्टेडियममध्ये तीन रात्री कार्यक्रम होते आणि कर्जतमध्ये वड्याच्या गाडीवरही तीच चर्चा होती.

"तुम्ही नाही गेलात? तुम्ही तर या लाइनमधले."

"मी इतक्या मोठ्या बँडना जात नाही, काका. त्यात मजा नाही."

"म्हणजे तिकीट नाही मिळालं."

मी हसून विषय बदलला. तिकीटविक्रीच्या दिवशी माझ्यापुढे रांगेत काही लाख माणसं होती आणि मी अंघोळ न करता चार तास मोबाइलसमोर बसलो होतो, हे काकांना सांगायचं काही कारण नव्हतं. तरी त्यांना ते ठाऊक होतं. कर्जतला ठाऊक असतं.

खरी मजा लहान कार्यक्रमांत. अंधेरीच्या एका गाळ्यात मी असा कार्यक्रम ऐकलाय, की मंचावर पाच आणि समोर सात. त्या सातांतला मी एकटा तिकीट काढून आलेला. मध्यंतरात बेस गिटारवाल्याच्या आईने डबा उघडून माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली.

"तू कोणाचा मित्र?"

"कोणाचाच नाही."

"नात्यातला?"

"नाही, मी असाच आलोय. गाणी आवडतात म्हणून."

बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलाला हाक मारून म्हणाल्या, "अरे, हे बघ, हे *खरंच* आलेत!" मग पाचही जणांनी माझ्याबरोबर फोटो काढला. कर्जतहून आलो म्हटल्यावर आणखी एक वडी मिळाली. शेवटचं गाणं ते मला अर्पण करणार होते. मी तोवर मरोळ नाक्यावर घाटकोपरची मेट्रो धरली होती.

तर अशी सगळी हयात गेल्यावर मागच्या मार्गशीर्षात चमत्कार झाला. गंगाच उलटी वाहिली. मुंबईतला एक बँड खुद्द कर्जतला येणार असल्याचं समजलं. 'निसर्गाच्या कुशीत, मोजक्या रसिकांसाठी, गुप्त ठिकाणी.' ठिकाणाचा पत्ता आदल्या दिवशी कळवणार होते. तिकिटाची रक्कम मी घरात आजपर्यंत सांगितलेली नाही. एवढंच सांगतो, की तेवढ्यात कर्जत ते मुंबई सहा महिन्यांचा पास निघाला असता. पण घरून रिक्षाने जायचं, रिक्षाने यायचं! शेवटच्या गाण्याला उभं राहून टाळ्या वाजवायच्या! मी नवा सदरा शिवून घेतला.

पत्ता आला. कोंडिवड्याच्या रस्त्याला एक फार्महाउस. कर्जतात राहून कर्जतमधला पत्ता विचारायचा म्हणजे नाचक्की. म्हणून मी नकाशावर पाहिलं. नकाशाने मला आधी एका कुक्कुटपालनात नेलं आणि मग उल्हास नदीत. शेवटी रिक्षावाल्यालाच शरण गेलो. माझ्या नव्या सदऱ्याकडे बघून त्याने आधी मुंबईवाल्यांचं भाडं सांगितलं. मी तोंड उघडल्यावर ते निम्मं झालं. "अरे, ते गुप्तवालं होय? सकाळपासून बारा जणांना सोडलंय," तो म्हणाला.

आत गाद्या अंथरलेल्या, मेणबत्त्या, मातीच्या कुल्हडात काहीतरी तुळशीचं. एका मुलीने सगळ्यांचे मोबाइल टोपलीत गोळा केले आणि हात जोडून सांगितलं, की बोलू नका, टाळ्या वाजवू नका, शांतता हा या कार्यक्रमाचाच भाग आहे. मग बँड आला. तिघं. गाणारा मुलगा इतक्या हळू गात होता, की पहिली दोन मिनिटं मला वाटलं तो माइक तपासतोय. गाणं एकटेपणावर होतं. माझ्या शेजारची बाई डोळे मिटून डोलत होती. मीही मिटले. तीस वर्षांत ऐकलेल्यांत हा सगळ्यांत कमी ऐकू येणारा बँड होता, आणि म्हणून सगळ्यांत थोर असणार, असं मी मनाशी ठरवत होतो.

तेवढ्यात शेताच्या पलीकडून आवाज आला. टिंग. टिडिंग टिडिंग. मग ढोल. मग ताशा. मग एक असा सूर, की पत्र्यावर पाऊस पडावा आणि त्याला चाल असावी.

"हळद," मी पुटपुटलो. टोपलीवाल्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

गायकाने डोळे न उघडता आवाज थोडा वाढवला. पलीकडे कोळीगीत सुरू झालं. याने एकटेपणा आणखी वाढवला. पलीकडे दुसरं कोळीगीत. मग हा थांबला आणि अतिशय समजूतदारपणे म्हणाला, की आपण त्या आवाजाला विरोध नको करूया, त्याला गाण्यात सामावून घेऊया. सामावून घेण्याचे प्रयत्न दहा मिनिटं चालले. पण पलीकडचा सूर यांच्या सुराला काही केल्या बसेना, आणि इकडच्या बोटांनी तिकडचा ताल धरलेला. बघतो तर शेजारची बाई अजून डोलत होती, फक्त दुप्पट वेगाने.

मग लाइट गेले. आमचे. हळदीवाल्यांकडे जनरेटर होता.

मी टोपलीतून आपला मोबाइल शोधला, चपला हातात घेतल्या आणि बांधावरून चालायला लागलो. मागे वळून पाहिलं तर माझ्यामागे दहा-बारा रसिक रांगेने येत होते.

मांडवाच्या तोंडाशीच एक आडवा-तिडवा माणूस. पिवळा टी-शर्ट, पाठीवर 'नवऱ्याचा मामा' असं छापलेलं.

"कुणाकडचे तुम्ही? पोराकडचे का पोरीकडचे?"

हळदीच्या मांडवात पोरीकडचं कुणी कसं असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या मागची मंडळी शहाणी होती, ती अंधारात विरघळली. मी मात्र घाईघाईने म्हणून गेलो, "बँडकडचा."

"मग हिकडं का उभे? जनरेटर ढकला, रस्त्यात येतोय."

मी ढकलला. घाटात गाडीला मागून इंजिन लागतं ना, तसा. जागेवर लावून मान वर केली तर समोर, चार हातांवर, तो होता. बेंजो.

जवळून पाहिलं नसेल तर सांगतो. दोन-अडीच फुटांची लाकडी पेटी. वर तारा ताणलेल्या आणि त्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने नखीने तारा छेडायच्या. या पेटीवरची अक्षरं कधीच झिजून गेली होती. एका बटणावर मास्तरांनी खूण म्हणून लाल टिकली लावलेली. ती बहुधा घरातल्या आरशावरून उचललेली असावी. पेटीतून निघालेली वायर लाल चिकटपट्टीने तीन ठिकाणी जोडून एका खोक्यात गेलेली आणि खोक्यातून टेंपोवरच्या भोंग्यांत. मास्तर पन्नाशी-साठीच्या मधले, चष्मा दोरीने डोक्यामागे बांधलेला. आजूबाजूला घोळका, अंगावर हळद उडतेय, एक पोरगा खांद्यावर दुसऱ्याला घेऊन नाचतोय, आणि मास्तर खाली बघत शांतपणे टिडिंग टिडिंग, तलाठी दाखला टाइप करतो तसे.

हे वाद्य १९१२ साली जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने बनवलं. तिथे त्याचं नाव ताइशोगोतो. हिंदुस्थानात आल्यावर ते बुलबुलतरंग झालं आणि आमच्याकडे उतरता उतरता बेंजो. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नाव सोडून काही नातं नाही. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. त्या रात्री मला फक्त एवढंच कळलं, की नागोयापासून कोंडिवड्यापर्यंत आलेला, एकही अल्बम नसलेला, कुठल्याही यादीत नसलेला असा बँड मी, *मी* शोधून काढलेला आहे. २०१६ मध्ये 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला होता. तो मी पाहिला नव्हता, कारण तेव्हा सगळे बघत होते.

मधल्या विश्रांतीत मी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, तुमच्यावर कोणाचा प्रभाव?"

"पाव्हण्यांचा. ते सांगतील ते वाजवतो."

"नाही, म्हणजे तुमच्या संगीताचा प्रकार कोणता म्हणायचा?"

मास्तरांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. "दोन प्रकार. जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं."

"अल्बम वगैरे?"

"अल्बम फोटोवाल्याकडं असतो."

घरी आलो तो पेटलेलाच. त्या दिवसापासून भिंतीवरचं कालनिर्णय माझं कार्यक्रमपत्रक झालं. लग्नाचे मुहूर्त बघायचे आणि एक दिवस मागे मोजायचा, की हळद. मग चौकाचौकातले फलक वाचत हिंडायचं. फलकावर नवरदेवाचा गॉगलवाला फोटो असला की जागा नक्की. कडाव, कशेळे, दहिवली, चौक, वावोशी. पोळीभाजीच्या डब्याऐवजी मी बॅगेत पिवळा टी-शर्ट ठेवायला लागलो. दोन महिन्यांत पाच बँड ऐकले. एकाचा ऑक्टोपॅड असा, की त्यातून कुत्रा, घोडा आणि रेल्वे असे तिन्ही आवाज निघत. वावोशीच्या एका बँडचा ताशेवाला चौदा वर्षांचा, दहावीचा क्लास बुडवून आलेला. त्याने तासभर वाजवल्यावर मी गणिताच्या शिक्षकांची क्षमा मागितली, मनातून. पण कोंडिवड्याच्या मास्तरांची सर कुणाला नाही. सगळीकडे प्रश्न तोच, "कुणाकडचे?" आणि सगळीकडे माझं उत्तर तेच. त्यामुळे सगळीकडे मी काही ना काही ढकललं.

मुंबईच्या एका मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो माझ्याहून पक्का. नऊ ऐकणारे असलेला बँड त्याला सापडतो. "कुठे आहेत हे लोक? शनिवारीच येतो," तो म्हणाला. माझ्या पोटात खड्डा पडला. हा येणार, ऐकणार, आणि सोमवारी अख्ख्या मुंबईला सांगणार की मी शोधले. मी त्याला खालापूरच्या टोलनाक्यापुढे भेटू असं सांगितलं. शनिवारी सकाळी अर्धी मुंबई लोणावळ्याला निघते. तो गर्दीतून नाक्यापर्यंत पोहोचेपर्यंत दुपार झाली आणि मग मी सांगितलं की आजची हळद बदलापूरला आहे. आमची मैत्री आहे अजून. फक्त तो बोलत नाही.

एवढं जपलेलं गुपित मी एका बेसावध क्षणी वड्याच्या गाडीवर बोलून गेलो.

"कोण, बेंजोवाले मास्तर?" गाडीवाला कढईतून मान वर न करता म्हणाला. "त्यांच्या बापाने माझ्या बापाच्या लग्नात वाजवलंय." रांगेतला एकजण म्हणाला, "आमच्याकडे तीन हळदी त्यांच्याच." दुसरा म्हणाला, "दिवाळीआधी सांगितलं नाही तर तारीख मिळत नाही." म्हणजे दोन तालुके मिळून ज्यांना ओळखतात, त्यांचा शोध मी लावला होता.

खचून घरी आलो. निदान बायकोला तरी नवल वाटावं म्हणून मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. तिने पाच सेकंदं पाहिलं.

"हे? हे आपल्या हळदीला होते."

"काहीतरीच काय."

"तुमच्याकडच्या. माझ्या भावाने येऊन सांगितलं होतं."

ती उठली, कपाटावरून अल्बम काढला, धूळ झटकली. अल्बम फोटोवाल्याकडे असतो, हे मास्तरांचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. तिसऱ्या पानावर मी, उघडा, पिवळाजर्द, पाटावर बसलेला. आत्या माझ्या गालाला हळद लावतेय. मागे, फोटोच्या कडेला अर्धे कापले गेलेले, काळ्याभोर केसांचे मास्तर आणि ती पेटी. आणि मी काय करतोय? मी दोन्ही कानांत बोटं घालून बसलोय. तोंड असं, की कुणीतरी विषारी औषध पाजलंय.

"त्या वेळी तू म्हणाला होतास," बायको म्हणाली, "की हा गोंगाट बंद करा, मला उद्या रंगभवनला जायचंय."

"लग्नाच्या दिवशी?"

"तेच तुझ्या आईने विचारलं."

आता मात्र माघार नव्हती. मास्तरांचं शेवटचं गाणं ऐकायचंच. लग्नात माझं ऐकणं राहिलं होतं, निदान व्याजासकट आता फेडावं. मास्तरांना विचारून तारीख घेतली. पळसदरीला हळद, मुक्कामाची सोय नको, गाडीची चिंता नको. पळसदरीहून कर्जत रात्री चालतही येता येतं.

मी पाचलाच हजर झालो. नवऱ्याच्या मामांनी (हे वेगळे मामा, टी-शर्ट तोच) विचारायच्या आत "बँडकडचा" म्हणून टाकलं आणि दोन बॉक्स उतरवले. मास्तर आता मला ओळखत होते. "आलात? ती वायर जरा धरा." जेवणाआधीचं झालं. जेवण झालं. जेवणानंतरचं सुरू झालं.

"मास्तर, शेवटचं कोणतं वाजवणार?"

"शेवटचं?" त्यांना प्रश्नच कळेना. "आमच्यात तसलं नसतं. पाव्हणे वाजवा म्हणतात तोवर वाजवायचं."

"तरी, एखादं राखून ठेवलेलं?"

त्यांनी टिकलीवाल्या बटणावर अंगठा घासला. "आहे एक. वडलांचं. भोंग्यावर नाय वाजवत ते. बघू."

दहाला पाच कमी असताना मामा मांडवाच्या मधोमध उभे राहून हातवारे करायला लागले. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा २००० सालापासूनचा कायदा आहे. मामांना साल ठाऊक नव्हतं, पण गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीत जीप येऊन गेली होती हे ठाऊक होतं. वायर काढली. भोंगे मुके झाले. इतक्या तासांनी एकदम रातकिडे ऐकू यायला लागले. नाचणारी पोरं पांगली, पण बायका ओटीवर सरकून बसल्या, आणि मध्ये एक म्हातारी धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई. तिला माइक लागत नव्हता. मास्तरांनी भोंग्याविना पेटी मांडीवर घेतली. भोंग्यातून गावभर जाणारा तो आवाज आता दोन हातांवर संपत होता. जवळ जाऊन वाकल्याशिवाय ऐकू येणार नव्हता. म्हातारीने मास्तरांकडे पाहून मान हलवली.

मी चपला काढल्या. पुढे सरकलो.

"ओ बँडवाले," मामा मागून ओरडले. "टेंपो उभा आहे ना रस्त्यात! बॉक्स कोण चढवणार?"

मी इकडेतिकडे पाहिलं. ढोलवाला जेवत होता. ऑक्टोपॅडवाला मोबाइलवर होता. बँडकडचा म्हणता येईल असा मोकळा माणूस एकच होता.

पहिला बॉक्स डोक्यावर घेऊन मी टेंपोच्या मागे पोहोचलो तेव्हा ओटीवर काहीतरी सुरू झालं. टेंपोच्या पत्र्यातून मला फक्त एक बारीक टिंग-टिंग येत होतं, तेही वाऱ्यावर. टेंपोत एक पोरगा बॉक्स लावून घेत होता.

"काय वाजवतायत रे?" मी विचारलं.

"माहीत नाय काका. सरका, अजून चार आहेत."